रिकाम्या गावाचा होकार

फोन सकाळी आला. पडद्यावर दिनकरचे नाव होते, म्हणून मी नेहमीसारखी "बोल बे" अशी सुरुवात केली. पलीकडून त्याच्या शेजारच्या सोजरबाईंचा आवाज आला. शाळेतल्या गुरुजींनी त्यांना नंबर लावून दिला होता. "सायेब गेले," त्या म्हणाल्या. "आंघूळ करून उन्हात बसले व्हते. च्या घिऊन गेले तर हाकंला ओ न्हाई." त्यानंतर फोन चालूच राहिला. फोन बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नसावे, असे मला वाटले. पण त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची होती... "येताना मानसं घिऊन या. गावात खांदा द्यायला कुनी न्हाई."

गेवराई तालुक्यातल्या, तलवाड्याच्या पुढच्या त्या गावाचे नाव इथे देत नाही. तिथले एक प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. महिना पौषाचा होता. दसरा झाला की हे गाव ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. मधल्या काळात तिथे म्हातारी माणसे, शाळेसाठी मागे ठेवलेली काही मुले आणि थोडी जनावरे राहतात. मी बीडहून निघालो, तलवाड्यात ओळखीच्या काही जणांना गाडीत घेतले. गुरुजी होतेच. दिनकरची मुलगी मनीषा पुण्याहून पोचेपर्यंत ऊन कलले होते. केंद्र सरकारात अतिरिक्त सचिवपदापर्यंत गेलेल्या, देशाच्या वतीने परदेशात व्यापाराच्या वाटाघाटी केलेल्या दिनकर शिनगारेला ओढ्याच्या काठापर्यंत पोचवायला जी माणसे होती, त्यांतली निम्मी त्याला ओळखत नव्हती. वाटेत दोन्ही बाजूंची दारे बंद होती. अशा वेळी एरवी बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहतात. इथे आमच्याच पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छोटी बातमी आली: व्यापार आणि पर्यावरण या दोन्ही खात्यांत ठसा उमटवणारे ज्येष्ठ अधिकारी, तालुक्याचे भूषण. बातमी अचूक होती, पण अपुरी होती.

आमची ओळख बीडच्या वसतिगृहातली. दिनकरचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीत असत आणि तो आत्याकडे, आसराबाईंकडे, वाढला. दिवाळीत वसतिगृह बंद व्हायचे तेव्हा सगळी मुले घरी जात. दिनकर ज्या घरी जाई, त्या घरातली आत्या सोडून बाकीची माणसे तोवर निघून गेलेली असत. एका दिवाळीला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. दारांना बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या. एक कुत्रे वेशीपासून आमच्या मागे लागले, भुंकले नाही, नुसते मागे चालत राहिले. बहुधा त्यालाही सोबत हवी होती. मी फटाके आणले होते. दिनकर म्हणाला, "उडव की. घाबरायलाबी कुनी न्हाई." आम्ही ते उडवले. आवाज गावभर घुमला आणि कुठलेही दार उघडले नाही. त्या वयात आम्हाला त्याची गंमत वाटली. रात्री आसराबाई जेवायला वाढताना म्हणाल्या, "लई मोठा बार व्हता रे. असंच कुनीतरी हाय असं वाटू द्यावं गावाला."

पुढे तो दिल्लीची परीक्षा पास झाला आणि मी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लागलो. त्याच्या निवडीची बातमी मीच दिली. 'जिल्ह्याचा सुपुत्र' हे शब्द वरिष्ठांनी घातले होते, आणि वडिलांचा 'ऊसतोड कामगार' हा उल्लेख बदलून 'शेतकरी' केला होता, कारण तो त्यांना शोभून दिसत होता. बातमी छापून आली त्याच दिवशी दिनकर कार्यालयात आला. "सुपुत्र काय बे?" तो म्हणाला. "चौकात पुतळा बसवायचाय का माझा?" मग आवाज खाली आणून त्याने वडिलांचा विषय काढला. "ते उसाला जातेत. शेती न्हाई त्यांना. जे हाय ते लिहायचं, जे न्हाई ते लिहायचं न्हाई. तुझं काम तेवढंच." दुरुस्ती छापून येईपर्यंत तो समोरच्या बाकावर बसून राहील असे वाटत होते. दुरुस्ती आली. एका शब्दासाठी असा हटून बसणारा माणूस सरकारी नोकरीत किती टिकेल, याबद्दल आमच्या कार्यालयात तेव्हा पैजा लागल्या.

तो टिकला, आणि ज्या कामात हटून बसणे हाच गुण असतो, त्याच कामात पोचला. नोकरीची बरीच वर्षे त्याने व्यापाराच्या खात्यात काढली. कापूस, डाळी, त्यांवरची आयात, शेतमालाचे अनुदान हे त्याचे विषय. त्यासाठी त्याला वारंवार जिनिव्हाला जावे लागे. सुट्टीत बीडला आला की बसस्थानकासमोर चहा पिताना तो तिथल्या सभागृहाचे वर्णन करायचा, आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीवर येऊन थांबायचा. तिथे मतदान होत नाही. अध्यक्ष एक कलम वाचतात, मान वर करतात, सभागृहावरून नजर फिरवतात आणि काही क्षण थांबतात. त्या क्षणांत कुणी आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी केली नाही, तर कलम मान्य झाले. सगळे जग असेच चालते, तो म्हणायचा, कुणी काही बोलले नाही म्हणून. "आन वंगाळ कलम कधी वाचतेत सांगू? जेवायच्या टायमाला. निम्मे लोक खाली गेलेले असतेत." म्हणून तो जागेवरून उठत नसे. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवी आणि तिथेच, कागदांआड, खाई. त्याच्या पत्नी हयात होत्या तेव्हा तक्रार करायच्या की दौऱ्याहून आलेल्या कोटाचा लसणाचा वास धुलाईवाल्यालाही काढता येत नाही. एका जेवणाच्या वेळी कापसाचे असेच एक कलम घाईने वाचले गेले आणि त्याने तोंडात घास असतानाच पाटी उभी केली. अध्यक्षांनी त्याला बोलायला सांगितले. त्याला बोलता येईना. घास गिळेपर्यंत सगळे सभागृह थांबून राहिले. हे सांगताना तो स्वतः हसत नसे. "पाटी उभी होती ना, बास," असे म्हणायचा.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याची बदली पर्यावरणाच्या खात्यात झाली. नव्या कारखान्यांना, खाणींना, रस्त्यांना मंजुरी द्यायची की नाही याची शिफारस करणाऱ्या बैठका तो चालवत असे. अशाच एका बैठकीत त्याच्या गावच्या वरच्या अंगाला, गायरानाला लागून होऊ घातलेला कारखाना आला. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याचा तो प्रकल्प होता. नियमाप्रमाणे गावात जनसुनावणी झालेली होती: शाळेच्या मैदानावर मांडव, ध्वनिक्षेपक, महिनाभर आधी जाहिरात. अहवालात लिहिले होते की उपस्थिती अल्प होती आणि कुणीही हरकत घेतली नाही. बैठकीतले एक वयस्क शास्त्रज्ञ दिनकरला म्हणाले, हे तुमच्याच भागातले दिसते. आम्हाला माहीत असायला हवे असे काही आहे का? दिनकरने उत्तर दिले, "दुष्काळी भाग आहे. लोकांना काम हवंय." मग त्याने शिफारशीचे कलम वाचले, मान वर केली, सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी बोलले नाही. मान्य. सुनावणी पौषात झाली होती. तारीख त्याच्या समोर होती, आणि पौषात त्या गावात कोण असते हे त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक असणे शक्य होते... त्याला ते आठवले नाही. यामागे काही देणेघेणे असेल का, हे मी व्यवसायाच्या सवयीने नंतर तपासले. नव्हते. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "लाच खाल्ली असती तर बरं झालं असतं बे. कारण तरी सापडलं असतं."

हे सगळे त्याला कळले ते निवृत्तीनंतर, आसराबाई वारल्या तेव्हा. दहाव्याला मीही गेलो होतो. वैशाख होता, गाव परतलेले होते, ओट्याओट्यांवर माणसे होती. पाणी मागितले तेव्हा सोजरबाईंनी टँकरचे दिले आणि विहिरीकडे बोट केले. विहिरीतले पाणी उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचे होते आणि त्याला आंबूस वास येत होता. कारखान्याच्या तळ्यांतून ते जमिनीत उतरते, ओढ्याला येते, तिथून विहिरींत. सोजरबाई आसराबाईंच्या मैत्रीण. त्यांना दिनकर भाचा म्हणून ठाऊक होता, अधिकारी म्हणून नव्हे.

"त्या साली मीबी उसाला गेलते. आमी उसाहून आलो तवा कंपाउंड झालतं," त्या सांगत होत्या. "इचारलं तर म्हनले, गावाला इचारलंय, गाव हो म्हनलं. दिल्लीला सायबानं सही केली म्हनं."

"ती सही मीच केली, काकू," दिनकर म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, ऐकण्यात चूक झाली आहे का हे तपासावे तसे. "तुमी? मग गावाला कावून इचारलं न्हाई?"

"इचारलं होतं. गावात कुनी नव्हतं."

"आन ते तुमाला म्हाईत नव्हतं व्हय? पौषात गावात कुनी नसतं ते?" मग त्या शेजारी ठेवलेल्या आसराबाईंच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "आसरा, तुझ्या पोराला गावाचा महिना इसरला गं." पंगत वाढायची वेळ झाली होती. त्या उठून गेल्या. दिनकर त्या दिवशी जेवला की नाही, हे मला आठवत नाही. परतीच्या प्रवासात बीड येईपर्यंत तो खिडकीची काच वरखाली करत राहिला, एवढेच आठवते.

पुण्याच्या सदनिकेची व्यवस्था मनीषाकडे देऊन तो काही महिन्यांनी आसराबाईंच्या घरात राहायला आला. तिला ते पटले नव्हते. "बाबा, तुम्ही तिथे करणार काय?" असे तिने माझ्यासमोर विचारले, आणि त्याने "राहणार" एवढेच उत्तर दिले. तो आला तेव्हा दसरा तोंडावर होता. थोड्याच दिवसांत ट्रक लागले, गाव गेले आणि तो त्या शांततेत एकटा उरला. पहिल्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा तो घरी नव्हता. सोजरबाई म्हणाल्या, "हिंडत असतेल. मानसं असताना बोलत न्हाईत इतकं दारांशी बोलतेत." तो मधल्या गल्लीत सापडला. एका बंद दारापुढे उभा राहून तो हलक्या आवाजात नावे म्हणत होता: घरच्या म्हाताऱ्याचे, मुलाचे, सुनेचे. मग पुढच्या दारापुढे. त्याला मी हाक मारली नाही, कारण तो वाचत असल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या हातात काही नव्हते. शेवटच्या दाराशी त्याने मला पाहिले. "कुनाकुनाला इचारलं न्हाई ते पाठ करतोय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. माणसांनी भरलेल्या गावात तो वावरला तो पाडवा ते दसरा एवढेच महिने. बाकीचे वर्ष त्याने ज्यांना विचारले नव्हते त्यांच्या दारांमधून काढले.

दुसऱ्या वर्षी कारखान्याने विस्तारासाठी अर्ज केला. विस्तार झाला तर उरलेल्या विहिरीही जाणार होत्या, आणि पिण्याच्या पाण्याअभावी गावाला पाडव्यानंतर परतायला काही कारण उरणार नव्हते. पुन्हा सुनावणी ठरली, आणि ती पुन्हा पौषात. दिनकरने दोन गोष्टी केल्या. सुनावणी चैत्रानंतर घ्यावी, अशी विनंती केली. आणि आपल्या जुन्या खात्याला सहीनिशी कळवले की पहिली मंजुरी चुकीची होती, ती आपण रिकाम्या गावाच्या होकारावर दिली, आणि हे ज्याला ठाऊक असायला हवे होते तो बैठकीतला माणूस आपणच होतो. निवृत्त अधिकारी आठवणी लिहितात, मतभेद लिहितात. असे लिहीत नाहीत. दिल्लीहून त्याच्या हाताखाली काम केलेल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. तो आदराने, जवळजवळ कळवळून सांगत होता की सर, हे मागे घ्या. आता तुमचे नाव निघाले की कापूस निघणार नाही, जिनिव्हा निघणार नाही, हेच निघेल. दिनकर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "निघू दे. खरं ते हेच आहे." तारखेबाबतचे उत्तर थोड्या दिवसांनी आले. नियमांत हंगामी स्थलांतर लक्षात घेण्याची तरतूद नाही. सुनावणी ठरल्या दिवशी होईल.

मग त्याने ठरवले की गाव येऊ शकत नसेल तर आपण गावाकडे जायचे. गुडघे दुखत असताना एसटीने तो पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हिंडला आणि जिथे जिथे त्याच्या गावच्या टोळ्या होत्या, तिथे जाऊन सुनावणीचा दिवस सांगितला. एका फेरीला मी बरोबर होतो. तोडलेल्या उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, राहायच्या झोपड्या, होत्या. मधल्या गल्लीतले रंगनाथ आणि कौसाबाई मोळ्या बांधून नुकतेच परतले होते. कौसाबाईंनी त्याला वाकून आत शिरताना पाहिले आणि म्हणाल्या, "दिल्लीहून थेट कोपीत? बढती झाली म्हनायची सायबाची."

"झाली," दिनकर म्हणाला. "लई उशिरा झाली."

त्याने दिवस सांगितला. रंगनाथने मान हलवली. "मुकादम सोडत न्हाई सायेब. एक खाडा झाला तर सगळी टोळी अडती. आन आमी आलो काय, न आलो काय. आमचं ऐकतंय कोन?"

"ऐकायचं मागून बघू. आधी तुमी तिथं दिसले पायजे. तुमी नसले की ते लिहितेत, गावाची हरकत न्हाई."

"आमी नसताना आमची हरकत न्हाई म्हनून लिवलं कुनी मागल्या बारीला?" कौसाबाईंनी विचारले.

"त्यांनी लिहिलं. मी ते खरं धरलं."

बाहेर बैलांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. कौसाबाईंनी पातेले चुलीवर ठेवले आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "बसा. च्या पिऊन जावा. येतो का न्हाई ते सांगत न्हाई. मुकादमाशी भांडान करावं लागंल." बाहेर पडताना मुकादम भेटला. तो नम्रपणे बोलला आणि काही कबूल केले नाही. परतीच्या गाडीत दिनकर म्हणाला, "तिकडं जिनिव्हाला आमी गप्प बसायचो ते सभागृहात बसून. गप्प बसलेला मानूस हजर तर पायजे ना बे." मी त्याला तलवाड्याच्या फाट्यावर सोडले. थंडी होती. त्याने मफलर कानांवर ओढला आणि काचेशी वाकून सांगितले, "सुनावणीला लवकर ये. उशीर केलास तर उभं राहावं लागंल." ती आमची शेवटची भेट. सुनावणीच्या आठवडाभर आधी तो गेला. टोळ्यांना तो गेल्याचा निरोप पोचला होता. अंत्यविधीला त्यांच्यातले कुणी येऊ शकले नाही.

सुनावणी ठरल्या दिवशी शाळेच्या मैदानावर झाली. मी लवकर गेलो, तरी खुर्च्या भरल्या होत्या. बसलेले बहुतेक कारखान्याचे कामगार होते आणि त्यांना जेवणाची पाकिटे आधीच मिळाली होती. अधिकाऱ्यांनी प्रकल्पाची माहिती वाचली, आकडे वाचले, रोजगाराचा परिच्छेद सावकाश वाचला. शेवटी अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याने मान वर केली आणि विचारले, कुणाची काही हरकत? त्याने मांडवावरून नजर फिरवली. तो थांबला. ती शांतता मी कितीतरी वर्षे ऐकीव माहितीने ओळखत होतो, पण तिच्यात उभा राहिलो तो प्रथमच. ध्वनिक्षेपकाची घरघर ऐकू येत होती. दिनकर असता तर या क्षणी कुठे असता, हे मी शोधू लागलो... आणि अधिकाऱ्याने समोरचा कागद उचलला.

"हाय," मागून आवाज आला.

"कोण बोलतंय? पुढे या."

"पुढं यायला वाट द्या की. खुर्च्या तर सगळ्या तुमच्याच मानसांनी धरल्यात."

थोडे हसू झाले. मागच्या कनातीजवळून कौसाबाई पुढे आल्या, त्यांच्या मागे रंगनाथ, आणि त्यांच्या मागे आणखी माणसे. ती पहाटेच्या ट्रकने आली होती आणि घरी न जाता इथेच येऊन थांबली होती. हातांना पाचटाचे ओरखडे होते, कपड्यांना फडाची काजळी. कौसाबाईंनी ध्वनिक्षेपक नको म्हणून बाजूला सारला. "पौषात आमी घरी नसतो," त्या म्हणाल्या. "म्हनून आमी न्हाईच असं धरू नका. हिरीचं पानी तुमी एक पेला पिऊन दाखवा, मग वाढवा कारखाना. आमच्या सायबाच्या मयताला आमाला सोडलं न्हाई. आज भांडून आलोत. आता लिवा, हरकत हाय." अधिकाऱ्याने नाव विचारले. त्यांनी सांगितले. मग रंगनाथने सांगितले, मग पुढच्याने. कुणी एकच वाक्य बोलले, कुणी नुसते नाव आणि गल्ली. दिनकरने दारांपुढे उभे राहून म्हटलेली ती नावे होती. या वेळी प्रत्येक नावाला तोंड होते. खुर्च्यांवरची काही माणसे जेवायला उठून गेली, तरी नावे संपली नव्हती. अहवाल आता दिल्लीला गेला आहे. त्यावर काय ठरेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. हरकत नाही, असे मात्र त्यात लिहिता येणार नाही.

ट्रक संध्याकाळी परत निघणार होता. मधला थोडा वेळ त्यांनी काय केले, ते लिहून थांबतो. गाव उसाला निघते तेव्हा घराची किल्ली मागे राहणाऱ्या एखाद्याकडे ठेवण्याची इथे रीत आहे. छप्पर उडाले, आग लागली, तर कुणीतरी दार उघडावे म्हणून. किल्ली कुणाकडे द्यायची हे ज्याचे त्याचे घर ठरवते आणि त्याची चर्चा होत नाही. दिनकर राहायला आला त्या वर्षी त्याच्याकडे कुणी आले नव्हते. या वर्षी, ट्रक लागायच्या सकाळी, रंगनाथ येऊन ओट्यावर किल्ली ठेवून गेला, आणि त्याच्या मागून बाकीचे. त्याने हे मला सांगितले नव्हते. मला सांगितले सोजरबाईंनी, त्या दिवशी, मी त्या सगळ्यांच्या मागोमाग त्याच्या घरात शिरलो तेव्हा. आतल्या खोलीत खाटेच्या उशाशी, झोपल्या झोपल्या दिसाव्यात अशा, भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत गावाच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. ज्याने त्याने आपली काढून घेतली. गल्लीत दारे उघडू लागली. खराट्याचे आवाज आले. कुणी घोंगडी काढली, कुणी देवापुढे दिवा लावला, कुणी नुसतेच आपल्या ओट्यावर बसून राहिले. भर पौषात त्या गावातून धूर निघाला. मग ट्रकचा भोंगा वाजला आणि दारे एकामागून एक पुन्हा बंद झाली.

किल्ल्या आता कुणाकडे द्यायच्या, हे कुणी विचारेल असे मला वाटले होते. मनीषा पुण्याला होती, घर रिकामे होते. कुणी विचारले नाही. सगळे पुन्हा त्याच खोलीत आले. रंगनाथने आपली किल्ली कडेच्या खिळ्याला अडकवली.

"तिथं न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "सायबानं गल्लीच्या हिशोबानं लावल्यात. आपलं मारुतीकून तिसरं."

त्याने ती काढून तिसऱ्या खिळ्याला लावली. ट्रक गेला. धुरळा बसेपर्यंत सोजरबाई ओट्यावर उभ्या होत्या. मग त्यांनी दिनकरच्या घराचे दार नुसते ओढून घेतले आणि आपल्या घराकडे निघाल्या. कुलूप का लावत नाही, असे मी त्यांना विचारले.

"कावून?" त्या म्हणाल्या. "किल्ल्या आत हायेत. कुनाला लागली तर मागायची कुनाला?"